अंगठ्याची भाकर

आमच्याकडे मेलेल्यांना वर्षातून एकदाच जेवायला घालतात. चौमोसच्या सणात, ऐन थंडीत, दिवस कलता कलता. जेष्टक देवीच्या देवळाच्या दाराबाहेर टोपली ठेवायची, तिच्यात ज्याच्या त्याच्या नावाची अक्रोडाची भाकर. मग दार लावून सगळ्यांनी आत बसायचं. ते येतात आणि चव तेवढी घेऊन जातात. भाकरी टोपलीतच राहतात, पण पार बेचव झालेल्या. ते उष्टं फक्त आम्हा म्हाताऱ्या बायकांना चालतं. नवरा गेल्यावर मी माहेरी रुंबूरच्या खोऱ्यात परत आले, तेव्हापासून हे उष्टं खातेय. मेलेल्यांची भीती मला कधी वाटली नाही.

माझा धाकटा भाऊ दानोक. खिंडीपलीकडच्या चोरांनी आमच्या अकरा बकऱ्या पळवल्या आणि हा एकटाच त्यांच्या मागावर गेला. लोक म्हणाले, थांब, चौघे मिळून जाऊ. पण थांबेल तो दानोक कसला! दोन हिवाळे उलटले, बकऱ्या नाहीत की दानोक नाही.

पहिल्या हिवाळ्यात मी त्याच्या नावाची भाकर थापायला घेतली, तर त्याची बायको जंदुली हातातली काठवट आपटून उभी राहिली.

"वन्सं, जित्या माणसाची भाकर टोपलीत ठेवाल? त्याला ढकलून द्याल तिकडे?"

"आणि तो मेला असला तर? सगळे जेवतील आणि माझा भाऊ दारात उपाशी उभा राहील, त्याचं काय?"

"तो जिवंत आहे."

"तुला काय त्याने निरोप धाडलाय?"

तिने काठवट उचलून बाजूला नेली. मीही ऐकलं त्या वर्षी. पण दार लावून बसलो तेव्हा सारा वेळ मला बाहेर कुणीतरी पाय बदलत उभं असल्यासारखं वाटत राहिलं. ते वर्षभर माझ्या डोक्यातून गेलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात मी तिला न विचारता भाकर थापली. आमच्यात घरातला जो तो आपल्या माणसाच्या भाकरीवर खूण करतो. मी अंगठा दाबला. लहानपणी विळ्याने कापलेला, एका बाजूने चपटा अंगठा आहे माझा, त्याचा ठसा कुणीही ओळखेल. ओठातल्या ओठात दानोकचं नाव घेतलं आणि भाकर सगळ्यांच्या खाली सरकवून दिली.

नंतर दार उघडून पाहिलं, तर बाकीच्या भाकरी होत्या तशाच. दानोकची मात्र नव्हती. टोपलीच्या तळाशी कणसुद्धा नाही.

मेलेला भाकर उचलून नेत नाही, चव नेतो. एवढी उष्टी खाल्लेल्या मला हे कळायला नको होतं का? पण मला वाटलं, दोन वर्षांचा उपाशी, नेली असेल सगळीच. मी रडले, मोकळी झाले आणि शहाणपणा करून जंदुलीला सांगितलं, "जेवला गं तो." तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली. त्यानंतर चार महिने ती माझ्याशी बोलली नाही.

वसंतात पोरी पिवळी फुलं वेचायला गेल्या होत्या, त्या किंचाळत परत आल्या. त्यांच्या मागून दानोक आला, काठी टेकत, एका पायाने लंगडत.

जंदुलीने त्याला मिठी मारली नाही. आधी त्याचा हात चाचपून पाहिला. "गरम आहे," ती म्हणाली आणि मग चूल पेटवायला धावली.

तिने भाकर केली, ताजं चीज दिलं. दानोक तिला जन्मभर चिडवत आलेला, की तुझ्या हाताला मिठाचं माप नाही. त्या दिवशी तो मुकाट चावत राहिला.

"मीठ जास्त झालं का?" तिने विचारलं.

"काय माहीत. माती लागतेय. हल्ली सगळंच माती लागतं."

"कधीपासून?"

त्याने सांगितलं, ते मी इथे आहे तसं सांगते. पलीकडे पाय मोडून तो कुणाच्या तरी गोठ्यात पडून होता, गुरांच्या गवतावर. एका थंडीच्या दिवशी, उन्हं उतरताना, अक्रोडाच्या भाकरीचा वास आला. बघतो तर हातात भाकर, गरम. "सबंध खाल्ली. तशी भाकर जन्मात खाल्ली नव्हती. आणि अक्का, तिच्यावर तुझा अंगठा होता."

जंदुलीने माझ्याकडे पाहिलं. मी अंगठा मुठीत झाकला.

गावातल्या सगळ्यात वृद्ध मुतिमीर आजांना विचारलं. ते दाढी कुरवाळत म्हणाले, "जित्याने मेलेल्याचं खाल्लं. आता त्याला तीच एक चव कळणार. चौमोसला ती भाकर घालाल तर जगेल. पण नाव घेऊन दुसऱ्यांदा बोलावलंत, तर येणाऱ्यांबरोबर निघूनही जाईल. मुशिकी, तुझ्या जिभेला हाड नव्हतंच, हातालाही नाही."

मुशिकी म्हणजे मीच.

उन्हाळाभर दानोक वाळत गेला. घास तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा. द्राक्षं पिकली तोवर त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. चौमोस आला. मी चुलीपासून लांब बसले, हात पदराखाली लपवून. या खेपेला मी काही करणार नव्हते.

जंदुलीने पीठ मळलं, अक्रोड भरले, भाकर थापली आणि काठवट माझ्यापुढे सरकवली.

"अंगठा, वन्सं."

"अगं, तो गेला तर?"

"तो असाही चाललाय. दाबा."

मी दाबला. नाव तिनेच घेतलं, मोठ्याने.

दार लागलं. आत मिट्ट काळोख, नेहमीसारखा. मी दानोकच्या एका बाजूला, जंदुली दुसऱ्या बाजूला, त्याचा हात दोन्ही हातांत धरून. बाहेर बर्फावर पावलं वाजली, पुष्कळ. मग माझ्या कानाशी चावण्याचा आवाज आला. मी दानोकच्या मांडीवर हात फिरवला, त्याच्या मोकळ्या हातावर फिरवला. दोन्हीकडे काही नव्हतं. तो चावत होता, गिळत होता.

बाहेरची पावलं दूर जायला लागली. दानोक उठायला गेला. जंदुली त्याच्या हाताला लोंबकळलीच.

"सोड ना," तो म्हणाला.

"नाही सोडत."

पावलं नदीपाशी पोचली आणि थांबली, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. माझा जीव तिकडे लागला होता. मग ती पावलंही गेली.

"मीठ जास्त पडलंय गं," काळोखात दानोक म्हणाला.

जंदुली हसली की रडली, मला कळलं नाही. दार उघडलं तेव्हा टोपलीत त्याची भाकर नव्हती.

याला नऊ वर्षं झाली. दर चौमोसला जंदुली भाकर थापते, मी अंगठा लावते, आणि दर वर्षी ती पावलं नदीपाशी आधीपेक्षा जास्त वेळ थांबतात. त्या एका भाकरीवर तो तगून आहे. एरवी तीन वेळा पानावर बसतो, बायकोचं मन राखायला सगळं संपवतो. उरलेलं वर्षभर माझा भाऊ माती खातो, आणि मी समोर बसून त्याला वाढते.