वाढीचं दुखणं

दवाखान्याच्या जिन्यात गोरक्ष थांबला आणि खिशातून मोबाइल काढून उगाच बघत राहिला. दिव्या चार पायऱ्या पुढे गेली होती. आपला दादा मोबाइल बघत नाहीय, धाप लपवतोय, हे तिला आता कळत होतं. इतकी वर्षं मेलं कसं कळलं नाही, याचाच तिला राग येत होता.

गेल्या आठवड्यात महाळुंग्याच्या कंपनीत भर शिफ्टला तो लाइनवरच कोसळला. एवढा ताठ, कामाला वाघ असलेला गडी. लोक म्हणाले, उपाशी असेल.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. हृदयाची एक झडप आकसली होती. ऑपरेशन लवकर करावं लागणार होतं, आणि उशीर झाला तर काय, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

"लहानपणी याचे सांधे सुजायचे का?" त्यांनी आईला विचारलं.

"व्हय की," जाईबाई म्हणाली. "आज गुडघा, उद्या घोटा. पोरगं वाढाय लागलं की हाडं दुखतेतच. तेल लावून रगडायची मी. म्हणायची, उंच होशील."

"त्याआधी घसा आला होता? ताप?"

"आलता. पर तवा आमी बीडाकडून नुकतेच आलेलो, तळेगावाकडं वीटभट्टीवर. काम सोडून कुठं नेणार? मिठाच्या गुळण्या दिल्या."

"तो घशाचा आजारच पुढे हृदयावर गेला. तेव्हा औषध मिळायला हवं होतं."

म्हणजे ते दुखणं इतकी वर्षं त्यांच्याच घरात, त्यांच्याच पंगतीला बसून जेवत होतं.

"आणि हिला कधी झालं होतं असं?"

जाईबाईचा चेहरा उजळला. "हिचा बी घसा आलता, पाच वर्साची असताना. पर हिचं नशीब चांगलं. तवर हिचे पप्पा कंपनीत पर्मनंट झालते, दवाखान्याचं कार्ड मिळालतं. बाटली संपेस्तवर औषध दिलं हिला."

आपण काय बोलून गेलो, हे मग तिच्या ध्यानात आलं. तिनं पदर तोंडाशी नेला.

तेच आईबाप, तोच घसा. मघाशी धडाधड जिना चढलेल्या आपल्या पायांची दिव्याला लाज वाटली. दादाकडे बघायचं तिला धाडस होईना.

गोरक्ष मात्र हसत होता.

"लई तरास दिला हिनं," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "प्यायचीच न्हाई. मी मांडीवर दाबून धरायचो, तवा कुठं घोट जायचा."

"कडू असेल."

"न्हाई, गोड होतं. चमचा मी चाटायचो."