अडकलेला अंगठा

मी एक जुनी शाईची डबी आहे, मित्रांनो. पत्र्याची, आत जांभळा फडका, झाकणाला पोचा. सध्या मुक्काम पुण्याच्या कोर्टात, प्लास्टिकच्या पिशवीत. वर चिठ्ठी, 'मुद्देमाल क्रमांक चार'. चोरी मी केलेली नाही, हे आधीच सांगते.

पौडच्या दुकानातून मला किशोरशेठने घेतले. मुळशी धरणाकाठच्या कातकरवाडीत तो लहानपणापासून येई, सारजाबाईच्या हातचे खेकडे खाई. वाडीची जमीन रस्त्यात गेली, मोबदला आला, तेव्हा तो म्हणाला, "मावशे, पैसं माज्याकडं गुंतवा समद्यांनी. पाच वर्सांत दुप्पट करून देतो." घरचाच माणूस! एका दुपारी एकोणचाळीस अंगठे उमटले. शाई काय झकास उठते म्हणून माझे कौतुकही झाले, आणि मी फुगले.

आता गंमत ऐका. गंमत कसली म्हणा! वाडीला एकच अंगठा ठाऊक, वीटभट्टीवरच्या उचलीचा. आधी पैसे घ्यायचे, अंगठा द्यायचा, मग राबून फेडायचे. इथे पैसे यांनीच दिले होते. तरी अंगठा दिला म्हणजे आपणच देणेकरी, असे सारजाबाई धरून बसली. किशोरशेठने ते ओळखले आणि तो गप्प राहिला. त्याच पैशांत त्याने धरणाकाठी रिसॉर्ट बांधले. तिथल्या चादरी ती चार वर्षे फुकट धूत होती.

मी तिथेच काउंटरवर धूळ खात पडले होते. एकदा सुट्टीला आलेल्या वकील स्वरदाताईंनी तिला सहज विचारले, "मावशी, पगार किती?"

"कसला पगार? अंगठा अडकलाय न्हवं आमचा."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तिथून खटला उभा राहिला. परवा शिक्षा झाली. किशोरशेठला सात वर्षे सक्तमजुरी, रिसॉर्ट विकून वाडीचे पैसे परत. सारजाबाईने हात जोडून एवढेच विचारले, "सायेब, आमचा अंगठा सुटला का?"

न्यायाधीश म्हणाले, "बाई, तो अडकलाच नव्हता."

मग पैसे परत मिळण्याचा अर्ज आला. कारकुनाने नवी डबी पुढे केली. सारजाबाईने हात मागे घेतला.

"आदी वाचून दाव. समदं."

दोन पाने त्याला वाचावी लागली.

माझ्याबद्दलही हुकूम झाला आहे, 'निरुपयोगी, नष्ट करावे.' माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, त्या दुपारी एकोणचाळीस जणांनी माझ्यावर अंगठा टेकला आणि कागद एकालाही कोणी वाचून दाखवला नाही. तेवढे तुम्ही करत जा.