पावसात झाडायचं कशाला?

गणिताच्या मास्तरांना प्रत्येक गोष्टीचं ‘का?’ हवं असे. उकळी फुटण्याआधी भांडं का गुणगुणतं, इथपासून त्यांची सुरुवात. गल्लीतल्या एका पाटीला मात्र त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता : ‘दर मंगळवारी सकाळी आठ ते दहा झाडलोट. या बाजूला वाहने लावू नयेत.’

कोरड्या मंगळवारी ते गाडी निमूटपणे पलीकडे नेत. पाऊस असला की मात्र नेत नसत. पाऊसच रस्ता धुतो, मग झाडायला कोण कशाला येईल? गल्लीत सगळ्यांचं हेच गणित. जो तो खिडकीतून शेजाऱ्याची गाडी बघायचा आणि ती जागेवर दिसली की पुन्हा पांघरुणात शिरायचा. खरं सांगा, आपणही असेच वागतो की नाही?

अशाच एका पावसाळी मंगळवारी साडेनऊला तळमजल्यावरून त्यांच्या थोरल्या बहिणीची हाक आली. ती पुस्तकबांधणी करायची. ग्रंथालयाने पहिल्यांदाच तिला मोठं काम दिलं होतं आणि शंभर जुनी पुस्तकं तिच्या खोलीत जमिनीवर रचलेली होती.

“अरे, धाव! पाणी उंबरा ओलांडतंय!”

मास्तर धावले. पुस्तकं पलंगावर चढवता चढवता त्यांना राहवेना. “ताई, काल याच्या दुप्पट पाऊस होता. मग पाणी आजच का आलं?”

“तू शोधत बस! आधी ती खालची थप्पी उचल!”

थप्पी उचलून मास्तर छत्री घेऊन बाहेर पडले. रस्त्याच्या कडेचं पाणी त्यांच्याच गाडीपाशी येऊन तुंबलं होतं. झाडूवाल्या मावशी तिथे गुडघ्यांवर बसून गाडीखाली हात घालत होत्या.

“मावशी, पावसातही येता तुम्ही?”

“पावसातच तर खरं काम! पाऊस कचरा नेत नाही मास्तर, नुसता पुढे ढकलतो. कालच्या वाऱ्याने पडलेला पाला आज या गटाराच्या जाळीवर येऊन बसलाय. आठला आले तेव्हाच दोन मिनिटांत काढला असता. पण जाळीवर ही गाडी. खराटा पोचत नाही, हात पुरत नाही.”

“मग बेल वाजवायची!”

“कुणाकुणाची वाजवू? गाडी कुणाची, मला काय ठाऊक!”

मास्तरांची मान खाली गेली. “माझीच आहे, मावशी.”

अरेरे! एवढी कारणं शोधणारा माणूस, आणि कारण त्याच्याच दारात उभं! त्यांनी गाडी हलवली. मावशींनी पाल्याचा गोळा ओढून काढला, तसं पाणी खळाळत जाळीतून खाली गेलं.

खोलीत सोळा पुस्तकं भिजली होती. ताई एकेक पान सोडवत रडकुंडीला आली होती. “आता पुन्हा काम कोण देणार मला? काय सांगू त्यांना, पाऊस आला म्हणून?”

“पावसाचं नाव घेऊ नकोस. मी सांगतो.”

दुपारी मास्तर ती सोळा पुस्तकं घेऊन स्वतः ग्रंथपाल बाईंपुढे उभे राहिले. “ही माझ्या गाडीमुळे भिजली. ताईची काही चूक नाही.”

बाईंनी एक पुस्तक उघडून पाहिलं. चिकटलेली दोन पानं अलगद सोडवली. मग म्हणाल्या, “बाकीची त्यांच्याकडेच राहू द्या. पण जमिनीवर नकोत.”

वाचकहो, नियमामागचं कारण आपल्याला दिसत नाही, म्हणून ते नसतं असं नाही. ते न विचारता नियम मोडला, तर पाणी बहुधा दुसऱ्याच्याच घरात शिरतं.