नऊ वाजताचा बाण

आधीच सांगून ठेवते, मी रडकी बाई नाही. आदिलाबादजवळच्या तलमडुगुच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं. ही जयवंताबाई वर्गात आली की पोट्टे गप होत. उत्तर चुकलं म्हणजे चुकलं, मंग पोरगा कोणाचाही असो. अर्धा मार्क फुकट देल्ला नाही. माझा एकुलता एक अमृत चौथीत माझ्याच हातून नापास झाला. त्याचे बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता बाबा नाहीत, अन् अमृत हैदराबादेत शेतीसंशोधनाच्या एका हापिसात साहेब आहे. आमच्याकडच्या कोरडवाहू कापसावर, ज्वारीवर त्याचं काम. त्याले इथल्या पावसाचा रोजचा आकडा पाहिजे होता. म्हणून अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात हापिसचा जुना कंप्युटर जीपमध्ये टाकून घरी आला. अंगणात पाऊस मोजायचं नळकांडं रोवलं. फोनची वायर एका डब्बीत घातली, डब्बीची कंप्युटरात.

"आई, हे मोडेम. रोज सकाळी नऊले मी तिकडून फोन लावीन. घंटी वाजली तरी तू उचलायचा नाही. ही डब्बी उचलंल, अन् मी तिथं बसून तुझा कंप्युटर चालवीन."

"वा रे वा! घर माझं, फोन माझा, अन् उचलायचा नाही?"

"उचलला की लाइन तुटते ना आई. रविवारी हापिसाले सुट्टी, त्या दिवशी डब्बी बंद ठेव. मंग बोलू आपण."

कोणी भलतंच आत घुसू नये म्हणून एक गुपित शब्द लागते म्हणाला, तूच सांग. मी म्हटलं, भुऱ्या. लहानपणी त्याचे केस भुरे होते. त्या नावानं मी एकटीच त्याले हाक मारते. लाजला. "आई, हापिसात काय म्हणतील!"

"हापिसात काऊन सांगतो? तुझ्यामाझ्यात राहू दे."

मंग तो आदिलाबादले दोस्ताच्या कंप्युटर क्लासात गेला, अन् तिथून लावून पाह्यलं. घंटी वाजली. माझा हात फोनकडं गेलता, आवरला. डब्बी मांजर शेपटीवर पाय पडल्यावानी केकाटली, लाल दिवे लुकलुकले, अन् पडद्यावरचा बाण आपोआप हलला. कोणाचा हात नाही, काही नाही! तीनदा गोल गोल फिरला. ती आमची खूण ठरली होती. तीन गोल म्हणजे आई, मी आलो.

खोटं काऊन बोलू, रोज सकाळच्या त्या दहा मिनिटांवर मी जगत होती. साडेआठले नळकांड्यातलं पाणी मापायचं, आकडा फाइलीत लिहायचा, लुगडं बदलायचं, खुर्ची ओढून बसायचं. घरी आलेल्याले आधी पाणी द्यायची आमची रीत. तर मी रोज तांब्याभर पाणी अन् पेला कंप्युटरजवळ आणून ठेवायची. बाण गेला की ते पाणी मीच प्यायची.

शेजारची गयाबाई एकदा डोकावली. "मास्तरीणबाई, पेटीले पाणी पाजून राह्यल्या काय?"

"अमृत आला आहे."

तिनं खोलीभर पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं, अन् निघून गेली. गावभर सांगितलं असंल. सांगू दे.

पोळा झाला अन् तीन गोल बंद झाले. बाण यायचा, सरळ फाइलीवर जायचा, आकडा घ्यायचा, चालला. म्हटलं, साहेब झाला, घाईत असंल. पण मनाले लागलं. मंग मी आकड्याच्या खाली एक ओळ लिहू लागली. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, एका बोटानं. भुऱ्या, जेवला का? दुसऱ्या दिवशी, खोकला गेला का? बाण यायचा, माझी ओळ निळी करायचा अन् पुसून टाकायचा. रोज. डोळ्यांदेखत. हापिसची फाइल आहे, घाण नको असंल, अशी मी माझीच समजूत घालायची. रविवारी फोनवर विचारावं तर त्याचं तीन मिनिटांत उरकायचं. "आई, रोज तर भेटतोच ना आपण," म्हणायचा. मी हो म्हणायची.

एका गुरुवारी अंगात ताप होता. उठवत नव्हतं, तरी आकडा लिहिला. पाऊस शून्य. खाली लिहिलं, भुऱ्या, ताप आला आहे, एक शब्द तरी बोल.

नऊले घंटी वाजली. बाण आला, ओळीवर गेला, अन् थांबला. किती वेळ थांबला! मंग त्या ओळीखाली एकेक अक्षर उमटू लागलं. तेलुगू, इंग्रजी अक्षरांत. 'अम्मा, नेनु अमृत सार कादु.'

आदिलाबाद जिल्ह्यात जन्म गेला, तेलुगू मले चांगली समजते. अम्मा, मी अमृत सर नाही.

मी खुर्चीचा हात धरला. अक्षरं येतच होती. ती हापिसातली टायपिस्ट होती. सरांकडं दुसरं मोठं काम आलं, त्यांनी दोन महिन्यांखाली हे काम अन् गुपित शब्द तिच्याकडं देल्ला. माझ्या ओळी तिले कळत नव्हत्या. चुकून काही बटणं दबली असतील म्हणून ती पुसत होती. आज ताप अन् शब्द एवढंच हिंदीवरून उमगलं. माफी मागितली तिनं.

दोन महिने! दोन महिने मी लुगडं बदलून, पाणी भरून एका परक्या पोरीसमोर बसत होती. अन् ती रोज सकाळी भुऱ्या लिहून माझ्या घरात येत होती. असा संताप आला की वायर उपटून अंगणात फेकावी. तेवढ्यात आणखी एक ओळ उमटली. 'अम्मा, तिन्नारा?' जेवलात का.

मी जेवली नव्हती. सकाळपासून चहासुद्धा नाही. हे मले विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. 'तिन्नानु' असं लिहिलं, जेवले म्हणून, अन् मंग रडू आलं. येऊ देल्लं.

शुक्रवारी रात्री पाऊस धो धो कोसळला. शनिवारी सकाळी नळकांड्यात अडतीस मिलिमीटर निघाला. दोनदा मापून लिहिला. बाण आला, आकडा घेतला, अन् जाताना 'ज्वरम् तग्गिंदा?' विचारून गेला. ताप उतरला का. म्हटलं, उतरला.

रविवारी डब्बी बंद करून बसली. दोन दिवस मनात सगळं घोकून ठेवलं होतं. अशी झाडणार होती की त्याच्या साहेबकीची हवाच निघाली असती.

घंटी वाजली. "आई, कशी आहेस?"

"बरी आहे. तू रोज येतो ना रे सकाळी?"

"येतो ना आई! काल पण आलतो. पाह्यलं मी, तुझ्याकडं पाऊसच नाही. शून्य. कापसाची पऱ्हाटी कशी टिकंल?"

दारातून अंगण दिसत होतं. पाणी साचून होतं, गयाबाईच्या कोंबड्या काठाकाठानं फिरत होत्या. अडतीस. चौथीतला अमृत मले आठवला. वही पुढं करायचा, उत्तर चुकलेलं असायचं, अन् डोळे माझ्या लाल पेन्सिलीवर.

"आई? आहेस ना?"

"आहे."

"शून्यच होता ना?"

बत्तीस वर्षांत जे केलं नाही ते मी केलं. "हो भुऱ्या," मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं. शून्यच होता."

"पाहा, लक्ष असते माझं," तो म्हणाला, अन् फोन ठेवला.