चार हातांचं काम

सात दिवसांत मन शांत, असं आमच्या योग शिबिराच्या फाटकावर लिहिलंय. अकरा वर्षं मी तिथे माणसांना तेल लावतेय. शांत झालेलं एकही मन अजून माझ्या हाताखालून गेलेलं नाही. येतात ते मान आखडलेले, पोट सुटलेले लोक. टेबलावर पालथे झोपवले की दोन मिनिटांत विचारतात, माझा फोन कुठे ठेवलाय. तिसऱ्या दिवशी सगळ्यांचं डोकं दुखतं, मग विष बाहेर पडतंय म्हणून एकमेकांचं कौतुक करतात. कॉफी तोडली की डोकं दुखणारच, हे त्यांना कोणी सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या वर्षी येणार कोण?

आमचे आचार्य आधी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचे. आता माणसं शुद्ध करतात. रोज सकाळी पांढऱ्या गादीवर बसून, डोळे अर्धे मिटून सांगतात, "वेदना येते, वेदना जाते. आपण फक्त साक्षीभावाने पाहायचं." त्यामुळे आम्हा तेल लावणाऱ्या बायकांमध्ये त्यांचं नावच साक्षीभाव पडलंय.

पण पाहुणे काय आणि साक्षीभाव काय, ते परके. मला खरा तिटकारा होता तो टेबलापलीकडे उभ्या राहणाऱ्या बाईचा. त्या आमच्या वन्सं, नवऱ्याची धाकटी बहीण. त्यांच्या यजमानांचा कारखाना बंद पडला तेव्हा मीच शब्द टाकून त्यांना इथे लावून घेतलं. त्याची परतफेड त्यांनी अशी केली की सासूबाई गेल्यावर त्यांचं शिलाई मशीन न विचारता उचलून नेलं. मला मशीन नको होतं, मला शिवता येत नाही. पण विचारायला काय जातं? त्या दिवसापासून आमचा अबोला. तीन वर्षं झाली.

आता अबोला धरणाऱ्या दोघींनी करायचं काम कोणतं, तर अभ्यंग. पाहुण्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वन्सं. खांद्यावरून दोघींचे हात एकदम निघाले पाहिजेत आणि मनगटाशी एकदम पोचले पाहिजेत. पाहुण्याला चार हात आहेत हे कळता कामा नये, हा आमच्या कामातला पहिला नियम. बोलायचं नसल्यामुळे आम्ही खुणा ठरवून टाकल्या होत्या, त्याही न बोलता. टेबलाच्या कडेवर बोटाने एकदा वाजवलं म्हणजे कूस बदलायची. दोनदा वाजवलं म्हणजे तेल हवं.

गेल्या वर्षभरात वन्संचा हात अगदी मंदावला होता. जोर नाही, वेग नाही, नुसतं पाट्या टाकणं. आणि जोडीत काम करायचं म्हणजे त्यांच्या रेंगाळण्यात माझंही नाव खराब. त्यातून वर अपमान करायच्या तो वेगळाच. तेल तापवायचं काम माझं. शेगडीवर पाण्याचं पातेलं, त्यात तेलाची वाटी. शिकवताना सांगतात की मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. ते नवशिक्यांसाठी. मी बोट बुडवते, मला कळतं. तर मी वाटी आणून ठेवली की वन्सं पुन्हा आपल्या मनगटावर थेंब टाकून बघायच्या. कधीकधी चमच्याने ढवळत उभ्या राहायच्या, जणू मी कालच कामाला लागलेय.

हा राग घरी नेला की भांडी फुटायची. हल्लीच्या कपांचे कानही धड नसतात, महिन्यात तीन कप हातातून निसटले. नवरा म्हणाला, "डॉक्टरला दाखव एकदा." मी म्हटलं, "कपाला?"

मग एका पाहुणीने जाताना अभिप्रायाच्या वहीत लिहिलं की मालिश मिळमिळीत होतं, अंगावरून कोणी ओला फडका फिरवतंय असं वाटलं. साक्षीभावांनी आम्हा दोघींना बोलावलं.

"तुमच्यातली एक जण मंदावली आहे," ते म्हणाले. "तिला खोल्या आवरायच्या कामावर पाठवतो. कोण ते तुम्हीच सांगा."

अकरा वर्षांची कमाई एका बाजूला आणि दुसऱ्याच्या चादरी दुसऱ्या बाजूला. वन्सं खाली बघत होत्या. माझी वाट मोकळी होती.

"नावं घेत नाही मी," मी म्हटलं, "पण नाचता येईना अंगण वाकडं, अशी माणसं आहेत इथे. हवं तर परीक्षा घ्या. लंबीबरोबर आधी त्यांना लावा, मग मला."

लंबी म्हणजे आमच्यातली तिसरी, ताडमाड बाई, हात सरळ आणि जीभही सरळ.

परीक्षेसाठी स्वतः साक्षीभावच टेबलावर पालथे झाले. फुकटचं मालिश कोणाला नको? आधी वन्सं आणि लंबी. मी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी होते. वन्संनी हात ठेवला आणि माझी घडी सुटली. तो हात मी वर्षभरात पाहिला नव्हता. खांद्यावरून निघाला तो एका दमात मनगटाशी. लंबीसारखी लंबी, तिला गाठता गाठता धाप लागली. साक्षीभाव सुखाने हुंकारत होते. मी स्वतःला सांगितलं, परीक्षेपुरता जोर आणलाय बाईने.

माझी पाळी आली. दोन-चार हात फिरले असतील, तर लंबी हळूच म्हणाली, "ताई, तुमचा उजवा मागे पडतोय."

"तूच घाई करतेयस."

तिने वेग कमी केला. आणखी कमी केला. मग टेबलावर दोनदा बोट वाजवलं. मी डाव्या हाताने फडक्यात धरून वाटी उचलली, उजव्याचं बोट बुडवलं. कोमट. टेबलाशी आले तर वन्सं भिंत सोडून पुढे आल्या होत्या आणि त्यांचा हात वाटीकडे निघाला होता.

"परीक्षा माझी आहे," मी म्हटलं. तीन वर्षांनी त्यांच्याशी बोललेले हे पहिले शब्द. त्या थांबल्या. मी तेल पाठीवर ओतलं.

वेदना आली. साक्षीभावाने तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. साक्षीभाव आईच्या नावाने ओरडत, कमरेचा पंचा सावरत टेबलावरून खाली आले आणि खोलीभर नाचले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. एरवी मी महिनाभर हसले असते.

"तेल कोणी तपासलं?"

"मी," वन्सं म्हणाल्या. "वहिनी तयारीत होत्या, म्हणून मीच बघितलं. माझा अंदाज चुकला."

लंबीने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. साक्षीभाव ओला टॉवेल पाठीवर धरून म्हणाले, "मग झालं तर. उद्यापासून खोल्या तुम्ही बघायच्या."

मला फक्त गप्प राहायचं होतं, आणि त्याचा मला तीन वर्षांचा सराव होता. पण वाटी हातातच होती. तळाशी बोटभर तेल उरलं होतं. लंबीने ती माझ्याकडून घ्यायला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मी अंगठा आणि दोन बोटं तेलात घातली. कोमट. तशीच ठेवली. कोमटच.

"त्या खोटं बोलतायत," मी साक्षीभावांना म्हटलं. "तेल मी तपासलं. हे बघा, मला अजून कोमटच लागतंय."

कोणी काही बोलायच्या आत वन्संनी माझा हात वाटीतून ओढून काढला आणि मला मोरीत नेलं. नळ पूर्ण सोडला. बोटं लालबुंद झाली होती, ती दुसऱ्या कोणाची असावीत तशी मी बघत होते. पाणी फक्त करंगळीला गार लागत होतं.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?" मी विचारलं.

"गेल्या वर्षी त्या जाड्या बाईंच्या खांद्यावर चट्टा उठला ना, तेव्हापासून. वाटी तुम्हीच आणली होती."

"आणि हात? तो का ओढत होतात वर्षभर?"

"तुमचा मागे राहायचा," त्या म्हणाल्या. "पाहुण्याला चार हात कळले असते."

मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. वर्षभर मी या बाईला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते एकेक आठवत होतं. तरी जित्याची खोड. मी फणकाऱ्यानेच म्हटलं, "मग तेव्हाच तोंडाने सांगायचं होतं. वर्ष गेलं माझ्या हाताचं."

वन्संनी माझी बोटं नळाखाली उलटी केली आणि पुन्हा सुलटी केली.

"आपण बोलत कुठे होतो, वहिनी?"