मेंढरंवालीचा आवाज

जेवायला बोलावून भरल्या पानावरनं उठवावं, तसं केलं होतं अभिराजनं. तेही सख्ख्या आज्जीला, आणि बंगळुरातल्या पीण्या वस्तीतल्या सगळ्या शेजारणींदेखत.

अभिराज त्याच शहरातल्या बेळ्ळंदूरच्या एका कचेरीत परदेशी मालिकांना मराठी आवाज चढवायचं काम बघायचा. ऑस्ट्रेलियातल्या मेंढरं राखणाऱ्या म्हातारीची मालिका आली तेव्हा त्यानंच तानूबाईकडं हट्ट धरला होता. "आज्जी, ही तिकडं पक्कं गावठी बोलती. शहरातल्यांना निम्मं कळत नाही, तरी त्यांनी तिचा एक शब्द बदलला नाही. हिला तुझाच आवाज पायजे."

तीन दिवस तानूबाई काचेच्या खोलीत, कानाला डबडी लावून बोलली. माहेरचं निपाणीचं बोलली आणि चाळीस वर्षांत बंगळुरात मुरलेलं कानडीही बोलली. "स्वल्प थांब गा, मेंढरं बुजत्यात!" असं ओरडली, तर काचेपलीकडची पोरं हसून लोळली. मग काय, गल्लीत एक दार सोडलं नाही तिनं सांगायचं.

आज दुपारी मालिका टीव्हीवर लागली. शेजारच्या शिवलीलासकट सहा जणी चहाचे पेले धरून बसल्या. पडद्यावरच्या म्हातारीनं तोंड उघडलं आणि आतनं गुळगुळीत आवाज आला, "जरा थांबा हं, मेंढ्या घाबरतील."

"अक्का, हे तुमी न्हवं की," शिवलीला म्हणाली.

बाकीच्या चहात बघत बसल्या. ते तानूबाईला जास्त लागलं.

संध्याकाळी अभिराज दारात बूट काढत होता, तिथंच तिनं गाठलं.

"कोण ती बया?"

"हेमलताताई. पुण्याच्या आहेत."

"तुझ्या मालकानं काढलं मला?"

"त्याला कुठं मराठी कळतंय?" तो नाडीशी खेळत राहिला. "मीच बदललं. पुण्या-मुंबईचे लोक बघणार, आज्जी. म्हटलं, हसतील. कुठल्या गावचं हे, विचारतील."

"मग निपाणीचं म्हणून सांगायला जीभ झडली असती?"

तो वाकून दुसरा बूट काढायला लागला.

तानूबाईला गेल्या साली त्यानं दाखवलेली कॅनडाची पोलिसांची मालिका आठवली. सगळी मालिका संपली तरी गावाचं नाव कुणी घेईना, म्हणून तिनं विचारलं होतं. तेव्हा हाच पोट धरून हसला होता. "अमेरिकेत विकायची ना, आज्जी! स्वतःच्याच गावात उभे राहून गाड्यांना अमेरिकेच्या पाट्या लावल्यात. कॅनडाचा झेंडा झाकून ठेवलाय. लाज वाटती त्यांना स्वतःची."

"वर बघ," ती म्हणाली. त्यानं बघितलं.

"त्या कॅनडावाल्यांना हसलास न्हवं? त्यांनी गाडीची पाटी बदलली. तू आज्जीची जीभ बदललीस, आणि तेबी कुणी सांगितलं नसताना. ती मेंढरंवाली सातासमुद्रापलीकडची, पर तिच्या माणसांना तिची लाज न्हाई. माझ्या नातवाला माझी हाय. जा, आजपासनं त्या हेमलताबाईलाच आज्जी म्हण, आणि भाकरीबी तिलाच थापायला सांग!"