विभूती खाणारा कॉम्प्युटर

निलंग्यात माणिकप्पांच्या बैठकीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. बायका उंबऱ्यात दाटीवाटीनं उभ्या, पोरं खिडकीच्या गजांना लटकलेली, आणि सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या काळ्या पेटीवर. कॉम्प्युटर विभूती खातो म्हणे. आणि खरंच, खात होता की! मठातल्या भुजंग महाराजांनी चिमूटभर विभूती पेटीच्या जाळीसमोर धरली, काहीबाही पुटपुटले, आणि विभूती आपली सरळ आत. कुणी फुंकर मारली नाही, कुणी ढकललं नाही. बायकांनी भराभरा हात जोडले.

"घेतला प्रसाद," महाराज म्हणाले. "हार्डवेअरात राहू बसून राहिलाय, सॉफ्टवेअरात केतू. दोघांच्या मधी यंत्राला ज्वर चढलाय."

राहू-केतूचं ठाऊक नाही, पण ज्वर खरा होता. त्याची धग दीपमालेला रोज लागत होती. दीपमाला माणिकप्पांची सून. नवरा गुंडप्पा लग्नाचं शूटिंग करायचा, आणि घरी बसून त्याचा पिक्चर जोडायची ही. हळद, अक्षता, पाठवणी, सगळं गाण्यांवर बसवून. गिऱ्हाईक तिचं नाव विचारत दारात यायचं. पण दिवाळीनंतर कुठं माशी शिंकली कोण जाणे, ती कामाला बसली की पेटीतला पंखा घरघरायचा, पेटीला हात लावला तर चटका, आणि जरा वेळानं पडदा काळा. तेच माणिकप्पांनी भजनं लावली की यंत्र गरीब गायीसारखं दिवसभर चालायचं.

एवढ्यावरून महाराजांनी चार दिवसांपूर्वीच निदान केलं होतं: यंत्राला सुनेचा हात बाधतो. सुनेनं त्याला पुन्हा शिवायचं नाही, आणि पेटी शुद्धीसाठी मठात न्यायची. महाराजांनी या भागात कुणाच्या बोअरची मोटर, कुणाची पिठाची गिरणी, सगळ्यांची शांती करून ठेवलेली. मोटर चालली तर महाराजांची कृपा, बंद पडली तर घरच्यांच्या मनात शंका. असा धंदा बुडणार कसा?

माणिकप्पांनी मान डोलावली होती. गुंडप्पा शूटिंगसाठी अहमदपूरला गेलेला. फोनवर म्हणाला, अप्पा म्हणतेत तसं कर. दीपमालेला रडूच आलं. भाकरी थापायचा तिला कंटाळा नव्हता, पण हे काम तिचं स्वतःचं होतं, आणि ते चिमूटभर राखेपायी हातचं जाणार होतं.

रडून झाल्यावर ती विचाराला लागली. सासऱ्यांच्या हातात आणि आपल्या हातात असा फरक तो काय? फरक हातात नव्हताच, कामात होता. भजन वाजवायला यंत्राला कष्ट पडत नाहीत. अख्ख्या लग्नाचा पिक्चर बांधायचा म्हटलं की प्रोसेसरला, म्हणजे त्या पेटीतल्या मेंदूला, घाम फुटतो. मग तापलेल्याला गार कोण करतं, आणि ते का होत नाही? स्टँडजवळ मोहसीनचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तिथं विचारून तिनं प्रोसेसरची उष्णता बाहेर काढायला लावतात ती पेस्ट आणून ठेवली, आणि आतलं तापमान पडद्यावर दाखवणारा छोटा प्रोग्राम घालून घेतला.

आता महाराज पेटी उचलायला वाकले, तशी ती पुढं झाली.

"महाराज, माझा हात बाधतो ना? मग तुळजाबाईच्या नातीचा पिक्चर तुमच्या हातानं पुरा होऊ द्या. सगळी तयारी हाय. एकच बटण दाबायचं."

शेजारच्या तुळजाबाई समोरच बसल्या होत्या. पिक्चर कधी मिळणार म्हणून व्याह्यांनी त्यांना भंडावून सोडलं होतं. त्यांनीही हात जोडले, आणि भरल्या बैठकीत नाही म्हणायची महाराजांची सोय राहिली नाही. त्यांनी मंत्र म्हणत बटण दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत तापमानाचा आकडा चढायला लागला. साठ, पंच्याहत्तर, नव्वद. दीपमाला भिंतीला पाठ लावून लांब उभी होती, दोन्ही हात पदरात. आकडा शंभराला टेकला आणि पडदा काळा झाला.

कुणाची तरी नजर आडवी आली, असं महाराज सांगायला लागले. तुळजाबाईंनी मधेच विचारलं, "सुनेनं तर हात बी लावला न्हाई. मग आता बाधला कुणाचा?"

तोवर दीपमालेनं वायर उपसून पेटीचं झाकण उघडलं होतं. प्रोसेसरच्या डोक्यावर पातळ पत्र्यांची जाळी असते, तिच्यातून पंखा वारा खेळवतो आणि उष्णता बाहेर निघते. इथं वाऱ्याला शिरायला फटच नव्हती. विभूती, हळद आणि धुपाची काजळी यांचा गोधडीसारखा जाड थर बसला होता. तिनं तो नखानं उचकटून सासऱ्याच्या तळहातावर ठेवला.

माणिकप्पांचा चेहरा उतरला. दसऱ्याला यंत्राची पूजा झाली तेव्हापासून रोज सकाळी स्वतःच्या कपाळाला विभूती लावली की एक चिमूट ते या पेटीपुढंही धरायचे, धूप दाखवायचे. घरात लक्ष्मी आणते म्हणून.

"मीच हिचं नाक दाबून बसलो की गं," ते म्हणाले.

"आन् ती विभूती खाते त्याचं काय?" उंबऱ्यातून कुणीतरी विचारलं. दीपमालेनं टेबलफॅन लावला आणि त्याच्या पाठीमागं चिमूटभर विभूती धरली. फॅननंही ती गपकन ओढली आणि समोर बसलेल्या महाराजांची काळीभोर दाढी पांढरी करून सोडली. बैठक खो-खो हसली. पेटीच्या जाळीमागं असाच पंखा आहे, तिनं सांगितलं. तो वारा आत ओढतो, त्याला राख काय आणि धूळ काय, सारखीच. महाराज दाढी झटकत चपला शोधायला गेले, ते परत आले नाहीत.

तिनं ब्रशनं जाळी साफ केली, वाळून खडंग झालेली जुनी पेस्ट पुसून नवी लावली, झाकण बसवलं. बटणाजवळ येऊन तिनं सासऱ्याकडं बघितलं.

"दाब की," माणिकप्पा म्हणाले.

आकडा पासष्टच्या आसपास गेला आणि तिथंच रेंगाळला. पिक्चर शेवटापर्यंत बांधून झाला तरी पंखा कुरकुरला नाही. लोक उठायला लागले, तसे माणिकप्पा दारात आडवे उभे राहिले.

"जरा ऐका. देवाला मानणं येगळं, आन् पंखा साफ करणं येगळं. महाराजानं सुनेचा हात वाईट म्हणून सांगितलं, आन् मी एकदा बी विचारलं न्हाई, कशावरून? लई चुकलं माझं. तुमची मोटर बंद पडली तर उघडून बघा, लेकरू तापलं तर डॉक्टरकडं न्या. आन् घरातल्या बाईला बोल लावायच्या आधी सांगणाऱ्याला विचारा, बाबा रे, कशावरून?"

मग त्यांनी खुर्ची टेबलाला लावली आणि सुनेला म्हणाले, "बस. तुझं काम पडलंय."